झटका मशीन बसवले, आता तार, आर्थिंग आणि भोंगा तपासून घ्या



सोयाबीन पेरल्यापासून तो हरभरा घरी येईपर्यंत आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या कास्तकाराला दोन पाहुण्यांची धास्ती असते. एक रानडुक्कर आणि दुसरा रोही. सेलू, आर्वी, कारंजा, आष्टी हा बोरच्या जंगलालगतचा पट्टा असो, की समुद्रपूर, हिंगणघाटकडचा काळ्या जमिनीचा सपाट भाग असो, रात्री वावरात जागलीला गेल्याशिवाय पीक हाती लागत नाही अशी स्थिती आहे. म्हणून सौर कुंपण, म्हणजे आपल्या बोलीतले 'झटका मशीन', बसवण्याकडे पुष्कळांचा कल झाला आहे. ही गोष्ट चांगली आहे. परंतु मशीन आणले, तार ओढली, दिवा लागला, टकटक सुरू झाली, म्हणजे काम संपले असे समजून आपण घरी येतो आणि पंधरा दिवसांनी तक्रार करतो, "साहेब, मशीन तं टकटक करते, पण डुकरं काही ऐकत नाहीत."

डुकरे ऐकत नाहीत याचे कारण बहुधा मशीनमध्ये नसते. ते तारेत असते, जमिनीत असते, नाहीतर जोडणीत असते. कुंपण बसवल्या दिवशी आणि त्यानंतर ठराविक दिवसांनी त्याची तपासणी कशी करावी, ते या पत्रकात सांगितले आहे. कोठ्यात कापूस, सोयाबीनची पोती, मोटार, केबल ठेवतो, तिथे दाराला घंटा किंवा भोंगा बसवण्याची पद्धतही आता आली आहे. तिच्या तपासणीचेही थोडे सांगणार आहे, कारण दोन्हींचे मूळ तत्त्व एकच आहे.

लाइनची वीज आणि झटक्याची वीज

हा मुद्दा आधी, कारण इथे जिवाशी गाठ आहे. काही लोक मोटारीच्या खटक्यावरून सरळ एक तार काढून ती कुंपणाला जोडतात. ब्रह्मपुरी भागातून पकडून जुलै २०१७ मध्ये बोर व्याघ्र प्रकल्पात सोडलेली वाघीण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कारंजा तालुक्यात सिंदीविहिरी शिवारात अशाच वीज सोडलेल्या कुंपणाला लागून मेली. वाघिणीची बातमी झाली. पण अशा तारेला शेजारचा शेतकरी लागतो, जागलीला निघालेला सालदार लागतो, धुऱ्यावर गवत कापणारी बाई लागते. जिथे कृषी वाहिनीवर पाळीने वीज येते तिथे धोका आणखी मोठा. आत्ता लाइन नाही म्हणून माणूस तारेला हात लावतो आणि त्याच क्षणी लाइन येते.

घरातली वीज २३० व्होल्टची असते आणि ती अखंड वाहते. हाताने तार धरली की स्नायू आखडतात, मूठ सुटत नाही आणि प्रवाह छातीतून जात राहतो. झटका मशीनचा दाब पाच ते दहा हजार व्होल्टपर्यंत असतो. आकडा ऐकून छाती धडधडते, पण तो दाब सेकंदाच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी वेळ टिकतो आणि मग साधारण एक सेकंद विश्रांती असते. त्या एका सेकंदात जनावर मागे सरकते, माणूस हात काढतो. एका झटक्यातली ऊर्जाही प्रमाणात बांधून दिलेली आहे. भारतीय मानक संस्थेचे यासाठी स्वतंत्र मानक आहे, आयएस ३०२, भाग २, विभाग ७६. मशीन घेताना दुकानदाराला त्याची विचारणा करावी. तो तोंडाकडे पाहत राहिला तर दुसरे दुकान पाहावे.

गावठी जोडणीची मशीनही बाजारात मिळतात. ती ओळखायची एक साधी कसोटी आहे. मशीन सुरू करून घड्याळ समोर ठेवा आणि टकटक मोजा. एका मिनिटात साठाच्या वर ठोके पडता कामा नयेत. ठोके भराभर पडत असतील, किंवा ठोक्याऐवजी डासासारखी सलग गुणगुण ऐकू येत असेल, तर ते मशीन ताबडतोब बंद करा आणि तारेला जोडू नका. मशीन बॅटरीवर चालणारे असावे. बॅटरी चार्ज करण्यासाठी घरच्या लाइनवरचा साधा चार्जर लावायचा असेल, तर आधी बॅटरी मशीनपासून सोडवा. स्वस्त चार्जरच्या आतले आवरण खराब झाले, तर लाइनची वीज बॅटरीमार्गे कुंपणावर येऊ शकते.

सरळ वीज सोडणाऱ्यावर वीजचोरीचा गुन्हा विद्युत कायदा २००३ च्या कलम १३५ खाली होतो, वन्यप्राणी मेला तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागतो आणि माणूस दगावला तर तुरुंगाचे दार उघडते. हे सगळे मी भीती घालायला सांगत नाही. पण दोनशे रुपयांच्या तारेने घर बसलेले आपण पाहिले आहे.

तार ओढतानाच बघायच्या गोष्टी

पाच एकराचे चौकोनी वावर धरले तर त्याचा घेर सुमारे ५७० मीटर भरतो. पाच तारा लावल्या तर २,८५० मीटर तार लागते. अडीच मिलिमीटरची जस्ताचा मुलामा दिलेली तार किलोत साधारण २६ मीटर येते, म्हणजे ११० किलोच्या आसपास तार झाली. एवढ्या लांबीत एखादाही सांधा कच्चा राहिला तर पुढची सगळी तार शोभेची.

जुनी काटेरी तार पडलेली असते म्हणून तीच झटक्याला जोडण्याचा मोह होतो. तसे मुळीच करू नये. काट्यात कपडा किंवा कातडी अडकली की माणसाला, जनावराला मागे सरकता येत नाही, आणि मागे सरकता येणे हाच तर झटका मशीनच्या सुरक्षिततेचा पाया आहे.

डुकरासाठी सर्वांत खालची तार जमिनीपासून वीतभर, म्हणजे सहा ते नऊ इंचांवर असावी. डुक्कर नाकाने चाचपत येते. त्याचे नाक ओले आणि उघडे असते, तिथे झटका बसला तर ते परत फिरते. तार दीड फुटावर असली तर ते मान घालून आत शिरते आणि पाठीच्या राठ केसांवर झटक्याचा काही असर होत नाही. रोह्यासाठी वरची तार पाच ते सहा फुटांपर्यंत न्यावी लागते. मधल्या तारा त्या मानाने वाटून घ्याव्यात. कोपऱ्याचे खांब मजबूत असावेत, नाहीतर ताण बसून तार ढिली पडते आणि ढिली तार वाऱ्याने खांबाला लागते.

इन्सुलेटर स्वस्तातले घेऊ नका. साधे प्लास्टिक आपल्या वैशाख-ज्येष्ठाच्या उन्हात दोन वर्षांत तडकते. तडा डोळ्यांना दिसत नाही, पण पावसाचे पाणी त्यात शिरले की वीज खांबात उतरते. सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळून काम भागवणारेही आहेत. ट्यूबमध्ये काजळी असते, ती ओली झाली की गळती सुरू.

सांधे पिळून गाठ मारण्यापेक्षा नट-बोल्टच्या क्लँपने घट्ट करावेत. जस्ताच्या तारेला तांब्याची तार जोडू नये. पावसाळ्यात त्या जोडाला बुरशीसारखा पांढरा-हिरवा थर चढतो आणि वीज अडते. मशीनपासून कुंपणापर्यंत जी तार नेतो, तिच्या बाबतीत बहुतेक जण फसतात. घरातल्या फिटिंगची तार ११०० व्होल्टपर्यंतच्या दाबासाठी केलेली असते. तिच्यातून आठ हजार व्होल्टचा झटका नेला तर आवरणातूनच वीज बाहेर पडते, विशेषतः फाटकाखालून जमिनीत पुरली असेल तर. तिथे झटका कुंपणासाठीची दुहेरी आवरणाची जाड केबलच वापरावी. फाटकावर वरून तार नेण्यापेक्षा खालून केबल नेणे बरे, कारण बंडीवरचा कडबा वरच्या तारेला अडकतो.

महावितरणच्या खांबाचा कुंपणाला आधार घेऊ नये. लाइनच्या तारांखालून जायचे असेल तर आडवे, काटकोनात जावे. लाइनला समांतर लांबवर कुंपण ओढू नये. शेजाऱ्याचेही झटका मशीन असेल तर दोन्ही कुंपणांत किमान अडीच मीटर अंतर ठेवा. एकाच तारेला दोन मशीन कधीही जोडू नका, ठोके एकामागोमाग एक पडून विश्रांतीचा सेकंद नाहीसा होतो.

आर्थिंग, म्हणजे अर्धे कुंपण

कुंपणाची तार आपण रोज बघतो, जमिनीतली सळई कोणी बघत नाही. पण झटक्याची वीज तारेतून जनावरात, जनावराच्या पायातून जमिनीत आणि जमिनीतून परत सळईवाटे मशीनमध्ये आली, तरच फेरा पूर्ण होतो. जमिनीने वीज परत दिली नाही तर जनावराला गुदगुल्या होतात एवढेच.

आपल्या जिल्ह्यात जमिनीचे दोन मोठे प्रकार आहेत आणि दोन्हींची अडचण वेगळी आहे. हिंगणघाट, देवळीकडची काळी भारी जमीन पावसाळ्यात उत्तम वीज वाहते. तीच जमीन मार्चनंतर तडकते. हातभर भेगा पडतात आणि सळईभोवतीची माती सळईला सोडून बाजूला होते. जानेवारीत चांगले चाललेले कुंपण एप्रिलमध्ये मुके होते ते यामुळे. आर्वी, कारंजा, आष्टीच्या चढावरची मुरमाड, खडकाळ जमीन बाराही महिने कोरडी. तिथे सळई ठोकताना दोन फुटांवर दगड लागतो आणि बसवणारा माणूस उरलेली सळई कापून टाकतो! असे होत असेल तर जागा बदला, नाल्याच्या काठाला, विहिरीच्या पाटाजवळ ओल असते तिथे सळया न्या आणि तिथून जाड तार मशीनपर्यंत आणा. विहिरीच्या तोंडाजवळून चालू कुंपणाची तार मात्र नेऊ नका.

जस्ताच्या, सहा-सहा फूट लांबीच्या किमान तीन सळया, एकमेकींपासून दहा फुटांवर, पूर्ण ठोकाव्यात आणि एकाच अखंड तारेने क्लँप लावून जोडाव्यात. घराच्या किंवा मोटारीच्या आर्थिंगपासून, टेलिफोनच्या आर्थिंगपासून ही जागा निदान दहा मीटर दूर हवी. काळ्या जमिनीत सळईभोवती कोळसा आणि मीठ घालून खड्डा भरावा आणि उन्हाळ्यात आठवड्यातून एक-दोन बादल्या पाणी ओतावे.

आता तपासणी. यासाठी झटका कुंपणाचा व्होल्टमीटर लागतो. तो नसेल तर गावात चार जणांनी मिळून एक घ्यावा. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडचा साधा मल्टीमीटर तारेला लावू नये. तो एवढ्या दाबाला टिकत नाही आणि इतका अल्पकाळचा ठोका त्याला नीट मोजताही येत नाही.

आधी मशीन बंद करा. मशीनपासून शंभर मीटर दूर जाऊन तीन-चार लोखंडी सळया किंवा पहारी जमिनीत रोवून कुंपणाच्या तारेला टेकवा. मग मशीन सुरू करा. तारेवरचा दाब दोन हजार व्होल्टच्या खाली आला पाहिजे. आला नाही तर आणखी एक-दोन सळया टेकवा, अर्थात मशीन बंद करूनच. एवढे झाल्यावर मशीनपाशी परत या. मीटरची एक टोकणी आर्थिंगच्या शेवटच्या सळईला लावा आणि दुसरी तिथून एक मीटरवर मातीत खुपसा. मीटरने शून्य दाखवले तर आर्थिंग उत्तम. दोनशे-तीनशे व्होल्टपर्यंत चालते. त्याहून जास्त दाखवले तर जमीन वीज परत घेत नाही असे समजावे आणि चौथी, पाचवी सळई ठोकावी. ही परीक्षा ओल्या दिवशी पास होऊन उपयोग नाही. ती एप्रिलमध्ये घ्यावी, कारण उन्हाळी भुईमूग, मका, भाजीपाला तेव्हाच वावरात असतो.

खडकाळ जमिनीत कितीही सळया ठोकल्या तरी आकडा उतरत नसेल, तर दुसरा उपाय आहे. एक तार चालू, एक तार आर्थिंगची, अशा आलटून पालटून तारा लावाव्यात. जनावर घुसताना दोन्ही तारांना लागते आणि वीज जमिनीची वाट न पाहता तारेतूनच परत येते. यात तारा ताणलेल्या हव्यात, नाहीतर चालू तार आर्थिंगच्या तारेवर टेकून सगळे कुंपण झोपते.

गळती शोधायची कशी

बसवल्या दिवशी मशीनच्या तोंडाशी, तार न जोडता, दाब किती ते पाहून लिहून ठेवा. मग तार जोडून पुन्हा तिथेच पाहा, आणि शेवटी वावराच्या सर्वांत दूरच्या कोपऱ्यात पाहा. समजा तोंडाशी ८,००० आणि दूरच्या कोपऱ्यात ६,००० मिळाले, तर ठीक. दूर ३,००० च्या खाली गेले तर डुकराला ते पुरत नाही.

गळती शोधताना सगळा धुरा पायांनी तुडवत बसू नका. कुंपणाचे मधोमध दोन भाग करा, मागचा भाग सोडवा. दाब वाढला तर गळती सोडवलेल्या भागात आहे, नाही वाढला तर उरलेल्या भागात. त्या भागाचे पुन्हा दोन करा. असे चार वेळा केले की ५७० मीटरच्या कुंपणातली गळती पस्तीस-छत्तीस मीटरच्या टप्प्यात सापडते. यासाठी बसवतानाच तीन-चार ठिकाणी कापता-जोडता येणारे स्विच ठेवले, तर दर वेळी क्लँप उघडावा लागत नाही.

आणखी एक युक्ती आहे, आणि ती आपल्या श्रोत्यांना खास आवडेल. खिशातला छोटा ट्रान्झिस्टर घ्या, मध्यम लहरींवर जिथे कोणतेच स्टेशन लागत नाही अशी जागा लावा आणि कुंपणाच्या कडेने चाला. जिथे वीज ठिणगी मारून उतरत असेल तिथे रेडिओत टक्, टक् असा आवाज मोठा होतो. जसजसे जवळ जाल तसतसा तो वाढतो, पुढे गेले की कमी होतो. मोबाइलमधल्या एफएमवर हे जमत नाही, जुना मध्यम लहरींचा संचच हवा. ज्यांनी तो माळ्यावर टाकला असेल त्यांनी पुसून घ्यावा. अंधाऱ्या रात्री तडकलेल्या इन्सुलेटरपाशी निळी ठिणगीही दिसते.

पावसाळ्यात बहुतेक गळती गवताची असते. श्रावणात खालच्या तारेला बोंद्रीपासून गाजरगवतापर्यंत सगळे चिकटते. तुरीची ओळ धुऱ्याला खेटून असेल तर डिसेंबरमध्ये वाकलेल्या फांद्या तारेवर येतात. पेरतानाच तुरीची ओळ कुंपणापासून तीन-चार फूट आत घ्यावी. तणनाशक मारणाऱ्यांनी ते मशीन बंद करूनच मारावे. पंपाची ओली धार चालू तारेवर पडता कामा नये.

भोंगा वाजतो का, ते नुसते ऐकू नका

बऱ्याच मशीनना भोंगा असतो. तार तुटली किंवा कोणी कापली तर तो वाजतो असे विक्रेता सांगतो, आणि दाखवण्यासाठी मशीनजवळची तार सोडवून भोंगा वाजवूनही दाखवतो. आपण समाधानाने मान डोलावतो. इथेच चूक होते.

मशीनला फक्त स्वतःच्या तोंडाशी असलेला दाब कळतो. तार वावराला फेरा घालून शेवटच्या खांबाला नुसतीच बांधून टाकली असेल, तर दूरच्या कोपऱ्यात ती कोणी कापली तरी मशीनच्या तोंडाशी दाब पूर्वीइतकाच राहतो. भोंगा गप्प बसतो आणि डुकरे आत चरत असतात. यासाठी गेलेली तार परत आली पाहिजे. पहिली तार फेरा संपवून दुसरीला, दुसरी तिसरीला, अशी एकामागे एक जोडत शेवटच्या तारेचे टोक मशीनच्या परतीच्या खुंटीला आणून जोडावे. मशीनला अशी परतीची खुंटी आहे की नाही, हे विकत घेतानाच पाहावे. आता कुठेही कापले तरी परतीचा ठोका येत नाही आणि भोंगा वाजतो. या जोडणीचा एक तोटा आहे. कापल्यापुढची तार झोपते, म्हणून भोंगा वाजला की त्याच रात्री उठावे लागते. दोन्हींत मला परतीची जोडणीच बरी वाटते. न कळता झोपलेल्या कुंपणापेक्षा झोपेतून उठवणारे कुंपण चांगले.

तपासताना तीन गोष्टी करा. दूरच्या कोपऱ्यात, मशीन बंद असताना, एक जोड सोडवा आणि मशीन सुरू करा, भोंगा वाजला पाहिजे. जोड लावा आणि त्याच कोपऱ्यात तार आर्थिंगच्या सळईला टेकवा, भोंगा वाजला पाहिजे. तिसरी परीक्षा माणसाची. घरच्या माणसाला रात्री दारे-खिडक्या लावून अंथरुणावर पडू द्या आणि वावरातून भोंगा वाजवा. दिवसा दोन फर्लांगावर ऐकू येणारा भोंगा उलट्या वाऱ्याच्या रात्री ऐकू येईलच असे नाही. ज्या मशीनवरून मोबाइलवर फोन येतो, त्याच्या सिमचा रिचार्ज आणि त्या जागेची रेंज, दोन्ही पाहावे. रिचार्ज संपलेले सिम पुष्कळ वावरांत निवांत बसलेले आहे.

बॅटरी आणि पॅनेल

भोंगा, मशीन सगळे एका बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालते. सकाळी ऊन पडण्याआधी, पॅनेल सोडवून थोडा वेळ थांबा आणि बॅटरीचा दाब पाहा. इथे साधा मल्टीमीटर चालतो. १२.६ च्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे जवळजवळ रिकामी. दुपारी अकरा-बारा वाजता पॅनेल जोडलेले असताना तोच दाब साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान दिसला पाहिजे. दिसत नसेल तर पॅनेलवरची धूळ पुसा, पॅनेलचे तोंड दक्षिणेकडे आहे का ते पाहा, झाडाची सावली पडते का ते पाहा. पाण्याची बॅटरी असेल तर तिच्यात फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे, विहिरीचे नाही.

मशीन आणि बॅटरी कापसाच्या खोलीत मुळीच ठेवू नका. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि मशीनच्या जोडाला ठिणगी पडू शकते. बाजूला वेचणीचा कापूस रचलेला असेल तर पुढे काय होईल ते सांगायला नको. हवा खेळेल अशा, पाऊस लागणार नाही अशा वेगळ्या पेटीत ती ठेवावी.

कोठ्याच्या दाराची घंटा

मालाला भाव येईपर्यंत आपण माल घरी, नाहीतर शेतातल्या कोठ्यात ठेवतो. मोटारीची केबल, स्प्रिंकलरचे पाइप यांवरही चोरांची नजर असते. म्हणून दाराला चुंबकाचा स्विच आणि आत हालचाल ओळखणारा सेन्सर लावलेला संच शेतकरी घेतात.

चुंबकाच्या स्विचमध्ये दोन तुकडे असतात, एक चौकटीला, एक दाराला. दार मिटलेले असताना आतली पट्टी जुळून तारेचा फेरा पूर्ण होतो. दार उघडले की फेरा तुटतो आणि घंटा वाजते. कुंपणाचाच नियम इथे लागू आहे. जोडणी अशी हवी की फेरा तुटला की घंटा वाजावी. उलट जोडणी केली, म्हणजे फेरा जुळल्यावर घंटा वाजेल अशी, तर चोराने किंवा उंदराने तार कापली की घंटा कायमची मुकी. बसवणारा निघण्याआधी त्याच्यादेखत दार बंद ठेवून तारेचा एक जोड सोडवून पाहा. घंटा वाजली नाही तर त्याला जाऊ देऊ नका.

तार आधी मल्टीमीटरने तपासावी, मग घंटा जोडावी. दार मिटून दोन्ही टोकांना मीटर लावला की ओहमचा आकडा शून्याजवळ आला पाहिजे. दार दोन बोटे उघडले की मीटरने फेरा तुटल्याचे दाखवले पाहिजे. मिटलेल्या दाराला हाताने हलवून पाहा. लाकडी दार पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि दोन तुकड्यांतले अंतर वाढते, मग वाऱ्यानेही घंटा वाजते. चार रात्री उगाच वाजली की पाचव्या रात्री घरचा माणूस ती बंद करून ठेवतो, आणि चोर सहाव्या रात्री येतो.

हालचालीचा सेन्सर माणसाच्या अंगाची ऊब ओळखतो. भिंतीपेक्षा ऊबदार असे काही समोरून आडवे गेले की त्याला कळते. आपल्या वर्ध्याचा मे महिना कसा असतो ते सांगायला नको. पारा पंचेचाळीसच्या वर जातो, टिनाच्या कोठ्यातली भिंत रात्री दहा-अकरालाही माणसाच्या अंगाइतकीच गरम असते. भिंत आणि माणूस सारखेच गरम झाले तर सेन्सरला फरक कळत नाही. हिवाळ्यात बसवताना झकास चाललेला सेन्सर मेमध्ये आंधळा होतो तो यामुळे. म्हणून त्याची परीक्षा हिवाळ्यात एकदा आणि मे महिन्यात रात्री नऊच्या सुमारास एकदा, अशी दोनदा घ्यावी. भिंतीवर सात फुटांवर बसवून त्याच्यासमोरून हळू, आडवे चालावे. सरळ त्याच्याकडे चालत गेले तर तो उशिरा ओळखतो. मांजर, वटवाघूळ यांच्यामुळेही तो वाजतो. माझ्या मते कोठ्यासाठी मुख्य भरवसा दाराच्या चुंबकावर ठेवावा आणि सेन्सरला जोडीदार समजावे.

वीज कडाडते तेव्हा

मृगाच्या सुमाराला आपल्याकडे विजा फार पडतात. शेकडो मीटर तार वावरात उघडी ताणलेली असते, तिच्यावर जवळपास पडलेल्या विजेचा दाब येतो आणि मशीन जळते. तार मशीनपर्यंत जाण्याआधी वीजरोधक बसवावा आणि त्याला मशीनच्या सळयांपासून दूर स्वतंत्र आर्थिंग द्यावे. आभाळ भरून आले की कुंपणाची तार मशीनपासून सोडवावी. कडकडाट सुरू झाल्यावर मात्र तारेजवळ जाऊ नये, मशीन गेले तर गेले.

रस्त्याच्या, पायवाटेच्या बाजूला आणि फाटकावर पिवळ्या पाट्या लावाव्यात, 'झटका कुंपण, तारेला हात लावू नये' असे मोठ्या अक्षरांत मराठीतच लिहावे. शाळेत जाणाऱ्या मुलांची वाट धुऱ्यावरून असेल तर तेवढ्या भागात कुंपणाबाहेर साधी बांबूची आड करावी. हृदयाला यंत्र बसवलेल्या माणसाने तारेपासून दूरच राहावे.

एखाद्या वहीचे एक पान कुंपणासाठी राखून ठेवा. त्यावर तारीख, तोंडाचा दाब, दूरच्या कोपऱ्याचा दाब, आर्थिंगचा आकडा आणि सकाळचा बॅटरीचा दाब एवढे लिहा. पावसाळ्यात दर आठवड्याला, इतर वेळी पंधरा दिवसांनी. आकडा हळूहळू उतरत असेल तर गवत, एकदम उतरला तर तुटलेली तार किंवा तडकलेला इन्सुलेटर, आणि फक्त उन्हाळ्यात उतरत असेल तर आर्थिंग, असा साधारण अंदाज त्या पानावरून बांधता येतो. दुरुस्तीवाला आला की आधी ते पान त्याच्या हातात द्यावे.

जंगलालगतच्या गावांसाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान दिले गेले आहे. गाव योजनेत बसते का आणि सध्या हिस्सा किती भरावा लागतो, याची चौकशी आपल्या वनपरिक्षेत्र अधिकारी कार्यालयात किंवा ग्राम परिस्थितिकीय विकास समितीकडे करावी. अर्ज करताना सात-बारा, आठ-अ आणि बँकेच्या पासबुकाची नक्कल सोबत न्यावी, म्हणजे दुसरी खेप पडणार नाही.